किलोच्या भावातला आवाज

जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांच्या तोंडात एक शब्द सारखा असतो – 'सापडलं'. काय विकत घेतलं हे कुणी सांगत नाही. काय सापडलं ते सांगतात. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर उभं राहिलं की हा शब्द कानावर येतोच. दोस्तांनो, हा शब्द तपासून घ्यायला पाहिजे. चवदार तळं १९२७ साली आपल्याला सापडलं असं कुणी म्हणेल काय? ते होतंच. कुत्र्यामांजरांना ठाऊक होतं. आपल्याला बंदी होती, एवढंच. तेव्हा 'सापडलं' म्हणणाऱ्याला पहिला सवाल हा करायचा : बाबा रे, हरवलं होतं कुणाचं?

मी कुणी अभ्यासक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. तुटलेला धागा जोडतो. आठ तास तो गोंगाट डोक्यात शिरला की बाहेर आल्यावर माणसाचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. अशा कानांना गाण्याची भूक फार. म्हणून पगारातून वाचवून एक जुना फोनो घेतला. बेल्ट गेलेला, सुई गेलेली. दोन्ही बदलले. नव्या रेकॉर्डी आता पुन्हा निघायला लागल्यात, पण त्यांची किंमत हजारांत. त्या आपल्यासाठी नाहीत. आपल्यासाठी लॉट.

लॉट म्हणजे असं. घरातला म्हातारा मरतो. बिल्डिंग पाडायला निघते. पोरांना नव्या घरात जागा नसते, ऐकायला यंत्र नसतं. मग भंगारवाल्याला फोन जातो. रद्दीबरोबर, पितळी पिंपाबरोबर रेकॉर्डींची चळत उचलली जाते. कुणी मोजत नाही. वरच्या चार बघायच्या, खालच्या अंदाजानं धरायच्या, आणि सगळ्याचा मिळून एक आकडा. घरी आणून बसलं की मग गंमत सुरू होते. कव्हर एकाचं, आत रेकॉर्ड दुसऱ्याची. कव्हरात बसची तिकिटं, लग्नातल्या आहेराची यादी, कुण्या पोरीनं पेनानं गिरवलेलं स्वतःचं नाव. इंग्रजी शिकवणाऱ्या रेकॉर्डी निघतात. बाकीच्या जगात ७८च्या तबकड्या बंद पडत आल्या तरी आपल्याकडे गावोगाव चावीचे बाजे होते, म्हणून डमडमच्या कारखान्यात त्या निघत राहिल्या. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकातली बीटल्सची गाणीसुद्धा आपल्याकडे ७८वर आली. त्या तबकड्यांसाठी आज परदेशातले लोक जीव टाकतात. इथं त्या कधी कुणाच्या माळ्यावर निघतात, वर उंदराच्या लेंड्या.

सगळ्यात लांब गेलेलं सापडणं केसरबाई केरकरांचं. १९७७ साली अमेरिकेतून व्हॉयेजर यानं सोडायची होती. त्यांच्याबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची एक तबकडी जाणार होती. केसरबाईंचं एक गाणं सुचवलं गेलं, पण ती रेकॉर्ड बाजारात कुठं मिळेना. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, अडगळीतल्या खोक्यात, न उघडलेल्या प्रती मिळाल्या. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. बाई वारल्या १६ सप्टेंबरला. गोव्यातल्या केरी गावची बाई, देवळाशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातली. ज्या समाजाच्या बायकांना प्रतिष्ठित घरांत सून म्हणून कुणी उंबरा ओलांडू दिला नसता, त्यातल्या एकीचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला. मला हे वाचून आनंद झाला आणि लगेच रागही आला. दोन्ही खरे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रश्न जुना आहे. रोमचा सिसेरो म्हणून एक वकील-पुढारी होता. त्यानं इ.स.पूर्व ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो विचारतो : एक माणूस पितळ समजून सोनं विकतोय. घेणाऱ्याला कळलंय की हे सोनं आहे. सज्जन माणसानं काय करावं? सांगावं, की गपचूप पितळेच्या भावात घ्यावं? यावर दोन तत्त्ववेत्त्यांचं भांडण आहे. डायोजिनिस म्हणतो, गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे, मला ठाऊक आहे ते सगळं तुला सांगायला मी बांधलेला नाही. अँटिपेटर म्हणतो, माणूस माणसाला बांधलेला आहे, सांगितलंच पाहिजे.

चोरबाजार सगळा डायोजिनिसचा. तिथं गप्प राहण्यालाच अक्कल म्हणतात. आणि खरं सांगायचं तर सरसकट अँटिपेटरही मला पटत नाही. विकणारा हातगाडीवाला असेल, दिवसभर दारोदार फिरून ज्याला दोनशे सुटतात, तर त्याच्यापुढं गप्प राहणं ही चोरीच. पण विकणारा बंगलेवाला असेल, बापानं आयुष्यभर काय ऐकलं हे ज्यानं एकदा वाकून पाहिलं नाही, तर त्याला फुकट शिकवणी का द्यायची? असा मी बरेच दिवस विचार करत होतो. मग लक्षात आलं की दोघांच्याही हिशोबात माणसं दोनच. घेणारा आणि विकणारा. सिसेरोच्या घरात गुलाम होते. ते सोनं खाणीतून कुणी काढलं हा प्रश्न त्याच्या पुस्तकात यायचं कारणच नव्हतं.

सोनं मुकं असतं म्हणून चालून जातं. रेकॉर्ड मुकी नसते. सुई ठेवली की तिसरा माणूस बोलायला लागतो.

आपल्या देशात तबकड्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात. गैसबर्ग नावाचा साहेब कर्णा घेऊन आला. मोठे उस्ताद बिचकत होते. आल्या त्या बाईजी, कलावंतिणी. गौहरजान गाणं संपवताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना गाणं कुणाचं ते कळायला पाहिजे होतं. कारखान्याच्या सोयीसाठी सांगितलेलं नाव. पण त्यामुळं ते आवाजाला चिकटून राहिलं. बाकी कितीजणांचं नाव गेलं? सारंगीवाला कोण, तबल्यावर कोण, मागं झील धरणारे कोण? लेबल केवढं असतं. त्यावर कंपनीचं नाव मोठं, गाणाऱ्याचं लहान, साथ करणाऱ्याचं बहुतेक वेळा नाहीच.

आणि मग या रेकॉर्डी गेल्या दिवाणखान्यात. आवाज गादीवर, बाई दाराबाहेर. शिवाशिव पाळणाऱ्या घरांना ही किती सोयीची वस्तू मिळाली बघा. गळा घ्या, माणूस नको. तबकडीला विटाळ नाही. तबकडी तरी कशाची? ७८ची रेकॉर्ड लाखेची असते. ती लाख छोटा नागपुरातल्या आदिवासींनी कुसुमाच्या, पळसाच्या फांद्यांवरून खरवडलेली. त्यात दगडाची भुकटी, काजळी, आणि तुकडे पडू नयेत म्हणून कापसाचे तंतू. हे वाचलं तेव्हा मी हातातल्या तबकडीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. माझ्या खात्यात नाकातोंडात जातो तोच कापूस. म्हणजे वस्तू आपल्या हातांची, गळा आपल्यासारख्यांचा, आणि 'सापडली' कुणाला? ज्याच्याकडं कपाट होतं त्याला.

यावर आमच्या गिरणीतला एक मित्र म्हणतो, "कपाट होतं म्हणून टिकली ना गड्या. आपल्या झोपडीत टिकली असती का? पावसाळ्यात भाकरी ठेवायला कोरडी जागा नव्हती." याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. तो बरोबर बोलतोय. जपणाऱ्याचे उपकार असतात. पण जपणं आणि मालकी एक नव्हे. एवढंच मी त्याला म्हणतो.

हा प्रश्न जिथं सगळ्यात उघडा-नागडा दिसतो ती जागा अमेरिका. आपल्या पँथरनं १९७२ साली ज्या काळ्या भावांकडून नाव घेतलं, त्यांच्या गाण्याची ही कथा आहे. १९२० साली मेमी स्मिथची रेकॉर्ड खपली आणि कंपन्यांना कळलं की काळी माणसंही पैसे देऊन रेकॉर्ड घेतात. मग त्यांच्यासाठी वेगळी मालिका, वेगळे क्रमांक, वेगळ्या जाहिराती. नाव – 'रेस रेकॉर्ड्स'. वेगळा पाणवठाच म्हणा. पॅरामाउंट ही त्यातली एक मोठी कंपनी मुळात विस्कॉन्सिनातल्या खुर्च्या बनवणाऱ्यांची. फोनोची लाकडी कपाटं विकायची तर त्यात वाजवायला काहीतरी पाहिजे, म्हणून रेकॉर्डी. गाणाऱ्यांना बहुतेक वेळा एकरकमी पैसे देऊन वाटेला लावायचे. मग मंदी आली आणि कंपनी बुडाली.

पुढं वीस-तीस वर्षांनी गोरी पोरं दक्षिणेतल्या काळ्या वस्त्यांत दारोदार फिरायला लागली. जुन्या रेकॉर्डी आहेत का? पलंगाखालून, माळ्यावरून थोडक्या पैशांत गठ्ठे निघाले. त्यातल्या काहींच्या जगात आज बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्यात. टॉमी जॉन्सन हा मिसिसिपीचा गाणारा १९५६ साली वारला. त्याची पॅरामाउंटची एक तबकडी २०१३ साली इंटरनेटवरच्या लिलावात ३७,१०० डॉलरला गेली. सत्तावन्न वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला त्यातलं काय मिळणार? बोली लागली ती खाचांवर.

पण याच कथेत दुसरा एक माणूस आहे आणि त्याच्यासाठी मी हे सगळं सांगतोय. मिसिसिपी जॉन हर्ट. शेतमजूर. १९२८ साली त्यानं काही गाणी रेकॉर्ड केली, फार खपली नाहीत, तो परत जाऊन शेतात राबायला लागला. १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या एका गोळा करणाऱ्यानं आपल्या जवळच्या जुन्या तबकड्यांतून ८४ गाण्यांचा संच काढला, त्यात हर्टची दोन होती. ऐकणाऱ्यांना वाटलं, माणूस कधीच मेला असणार. मग हर्टचं आणखी एक जुनं गाणं काहीजणांच्या हाती आलं. त्यात त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं होतं – ॲव्हलॉन. टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं नकाशात ते गाव हुडकलं आणि १९६३ साली थेट तिथं जाऊन थडकला. हर्ट जिवंत होता. गोरा माणूस दारात बघून म्हाताऱ्याला वाटलं पोलिसच आला, असं सांगतात. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या जलशात हजारो लोकांपुढं गायला. १९६६ साली वारला. पस्तीस वर्षं राबून तीन वर्षं मिळाली.

फरक बघा. एकानं तबकडी मिळाल्यावर विचारलं, हिची किंमत काय. दुसऱ्यानं विचारलं, हा माणूस कुठं राहतो. सिसेरोच्या प्रश्नात हा दुसरा सवाल नाहीच.

आता आपल्यातली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, आणि का ते पुढं कळेल. ओळखीच्या भंगारवाल्या चाचांनी गेल्या साली फोन केला, "बेटा, एक घर खाली होतंय, गाण्याचं सामान आहे." गेलो. म्हातारे वारलेले. मुलगा पन्नाशीचा, चांगल्या नोकरीतला, सभ्य. साठ-सत्तर रेकॉर्डी. नाट्यसंगीत, भावगीतं, हिंदी सिनेमा. अकराशे रुपयांत सौदा झाला. घरी आणून एकेक पुसत बसलो. नाट्यसंगीताच्या एका मोठ्या कव्हरात हात घातला तर एलपीच्या मागं अजून काहीतरी. साध्या कागदात गुंडाळलेली छोटी ईपी. भीमगीतांची.

गायकाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तुमच्यातले चार जण आधी बाजारभाव विचारतील.

एलपी अगदी कोरी होती. एकही चरा नाही, म्हणजे जवळजवळ न वाजवलेली. आणि ती ईपी एका बाजूनं झिजून करडी पडलेली. किती वेळा वाजवली असेल? शंभर? पाचशे? आणि प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर कागदात गुंडाळून, मोठ्या रेकॉर्डीच्या मागं, गंधर्वांच्या काळातल्या पदांच्या पाठीशी लपवून.

वस्तीत ही बातमी फुटली. पोरं जमली. एक कार्यकर्ता तापून म्हणाला, "जात चोरून राहणारी माणसं ही. नाव छापा साल्यांचं. शिकले, वर गेले आणि समाजाला विसरले." मी म्हटलं, थांब. पहिलं म्हणजे ते आपले आहेत हे तुला कुणी सांगितलं? आडनावावरून जात काढायची खोड त्यांची, आपल्याला कधीपासून लागली? कदाचित तो म्हातारा सवर्ण असेल, त्याला हे गाणं आवडलं असेल आणि स्वतःच्या घरात ते उघडपणे लावायची सोय नसेल. तेही होऊ शकतं. आणि दुसरं, समज आपलाच होता. भाड्याची खोली जात विचारून मिळते हे आपल्याला ठाऊक नाही काय? खिडकी लावून, आवाज बारीक करून जो माणूस इतकी वर्षं तेच एक गाणं ऐकतो, तो विसरलेला? विसरला असता तर खाचा झिजल्या असत्या कशाला? खिडकी बंद करायला त्याला कुणी लावलं, ते विचार. त्याच्या घराचा पत्ता छापून कुणाची क्रांती होणार आहे?

पोरं गप्प झाली, पण पटलं नाही सगळ्यांना. अजून वाद चालतो.

मित्राचं म्हणणं वेगळं. "लॉटचे पैसे दिलेत ना? मग विषय संपला. आणि गाणं तर आपलंच." दोन वाक्यांत त्यानं दोन वेगळे कायदे आणले. पैसे दिले म्हणून माझं, की समाजाचं म्हणून माझं? पहिलं खरं असेल तर मी तो डायोजिनिस. दुसरं खरं असेल तर त्या म्हाताऱ्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा, कारण ते गाणं जवळ ठेवायला त्याला रोज भीती मोजावी लागली. मला फक्त अकराशे रुपये.

पंचशीलातलं दुसरं शील आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. घाईघाईनं म्हणतो. तिथं चोरी हा शब्द नाही. अदिन्नादान आहे. न दिलेलं घेणं. मला हा शब्द चोरीपेक्षा फार कडक वाटतो. चोरीला चोर लागतो, कुलूप लागतं, पोलिस लागतो. न दिलेलं तर आपण सौदा करून, पैसे मोजून, पावती घेऊनही घेऊ शकतो. त्या मुलानं मला नाट्यसंगीताची एलपी दिली होती. तिच्या मागं काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. जे आहे हेच ठाऊक नाही ते माणूस देईल कसं?

म्हणून रविवारी गेलो. एकटाच. ईपी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. दारातच त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "कव्हरात चुकून ही आली होती." यापलीकडं एक शब्द बोललो नाही. त्यांनी कागद उलगडला. लेबल वाचलं. एकदा मागं घरात वळून पाहिलं. मग म्हणाले, "नाही, नाही. ही आमची नाही. दुसऱ्या कुणाची तरी मिसळली असेल. घेऊन जा तुम्ही." कागद मात्र परत गुंडाळला फार हळू. चहा घ्या म्हणाले. मी घेतला नाही, पाळी होती.

मित्र म्हणाला, "झालं! आता तर दिलेलं झालं. शील शाबूत." बोलायला सोपं आहे. पण 'माझं नाही' असं म्हणून जे दिलं जातं ते देणं आहे काय? ज्याचं होतं तो तर गेला. मुलगा फक्त मध्ये उभा होता. त्याला खरोखर ठाऊक नसेल, किंवा सगळं ठाऊक असेल. दारातल्या त्या दोन मिनिटांवरून मी न्याय करणार नाही. मला एवढंच कळतं की किंमत सांगितली, वस्तू परत नेली, तरी देणं फिटलं असं वाटेना. अँटिपेटरचं सगळं पाळून झालं होतं. तिसरा माणूस तसाच बाकी होता.

मग ती रेकॉर्ड वस्तीतल्या वाचनालयात ठेवली. कपाटाला कुलूप लावायचं नाही असं ठरवलं. रविवारी सकाळी फोनो तिथं नेतो आणि खिडक्या उघड्या टाकून वाजवतो. झिजलेली बाजू खरखरते, शब्द मधे मधे बुडतात. म्हातारी माणसं बुडालेले शब्द स्वतः म्हणतात, त्यांना पाठ आहेत. 'सापडलं' वगैरे त्यांच्यासाठी काही नाही.

दिवाळीच्या सुमाराला एक आजी आल्या होत्या, मुंबईहून लेकीकडं आलेल्या. दुसरं कडवं चालू असताना त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "परत लाव रं. ते मागं झील धरणारं हाय ना, उंच आवाजाचं, ते आमच्या चाळीतलं." तीनदा लावायला लावलं. तीनदा तेच नाव घेतलं. गिरणीत बदलीवर होता, रात्री गायनपार्टीत जायचा, असं त्या सांगतात. लेबलवर ते नाव नाही. आजींचं खरं की वय झाल्यामुळं भास, मला सांगता येत नाही. मी नाव एका चिठ्ठीवर लिहून रेकॉर्डीबरोबर ठेवलंय.

ती चाळ लोअर परळला होती. पाडली, तिथं टॉवर आहे. माणसं कुठं पांगली ते आजींना ठाऊक नाही. त्या भागातल्या जुन्या गायनपार्ट्यांत ज्यांचे आजे-वडील होते, अशांनी या अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात. नाव मी इथं छापत नाही. त्यांच्या घरचं कुणी भेटलं तर आधी त्यांना ऐकवीन आणि विचारीन. सोबत येताना सुई मिळाली तर आणा, आहे ती आता फार दिवस चालणार नाही.